संख्यांचे सोबती : कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर या पानांवर संत, समाजसुधारक, देशभक्त आणि दानशूर पुरुष यांची चरित्रे आली व ती घरोघर वाचली गेली. यंदा आम्ही एका शाळामास्तरांचे चरित्र समाजबांधवांस व भगिनींस सादर करीत आहोत. त्यांच्या नावावर ना मोठा हुद्दा होता, ना संपत्ती. त्यांची जात कोणती, याची चौकशी आम्ही केली नाही. विद्या ज्या घरी नांदते ते घर सर्वांचेच, असे आम्ही मानतो. चरित्रासाठी याच गृहस्थांची निवड करण्यास एक खाजगी कारणही आहे. ते आम्ही लेखाच्या अखेरीस सांगू.

आरंभी वाचकांनी एक संख्या नजरेखालून घालावी :

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

सतरा अंकांची ही संख्या. डावीकडून एकापासून नऊपर्यंत चढत जाते आणि तितक्याच नेमाने पुन्हा एकावर उतरते. उलट्या बाजूने वाचली तरी तीच राहते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकक, दशक, शतक अशी परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, त्यांतील सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानी हिचा पहिला अंक बसतो. एवढी प्रचंड रास व्यवहारात कोणास मोजावी लागत नाही. सामान्य माणूस ती पाहून क्षणभर नवल करील आणि पान उलटील. परंतु अशा संख्यांच्या सहवासात ज्यांनी आपले सारे आयुष्य आनंदाने घालविले, ते कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे आपल्या महाराष्ट्राचेच सुपुत्र होत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. समुद्रकाठचे हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. वडील कारकुनी करीत. त्यांस ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे, हा वाद येथे नको. पण पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि घरातील ही आकडेमोड पाहत पाहत मुलास संख्यांची गोडी लागली. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई निवर्तली. पुढे वडिलांनीच त्याचा सांभाळ केला. आईवेगळ्या मुलाचे मन कशात तरी रमावे लागते. या मुलाचे मन कोड्यांत आणि बेरजा-वजाबाक्यांत रमले. ठाण्यास शाळेत शिकत असताना कोडी सोडविण्यात त्याचे तासन् तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनिअर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाशी हे महाविद्यालय कायमचे जोडले गेले आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या नव्या गणितकार्यासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांस मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. पुढची कोणतीही पदवी त्यांनी घेतली नाही आणि कोणत्याही विद्यापीठात त्यांस अध्यापकाची जागा मिळाली नाही.

पदवीनंतर लवकरच ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई तेथे महिनोन् महिने कंटाळून पडून राहत. त्यावरून इंग्रजी बोलीत वेड लागलेल्या माणसास या गावाच्या नावावरून बनलेला एक शब्दच रूढ झाला. मात्र याच गावाचे नाव पुढे जगातील गणितप्रेमी मंडळींच्या तोंडी आदराने आले, आणि ते आमच्या चरित्रनायकांमुळे. ते कसे, हे सांगण्यासाठी आता त्यांच्या कार्याकडे वळू.

आगगाडीचा प्रवास बहुतेकांस कंटाळवाणा होतो. कापरेकरांस अशाच एका प्रवासात एका नव्या संख्याकुळाची कल्पना सुचली. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. कल्पना तेथे सुचली म्हणून त्यांनी त्या संख्यांस ‘डेम्लो संख्या’ असेच नाव दिले. या संख्यांची खूण साधी आहे. संख्येचे आदि, मध्य व अंत असे तीन भाग करावेत. आदि आणि अंत यांची बेरीज केली असता मध्यभागात असलेलाच अंक मिळावा, किंवा तोच अंक ओळीने मिळावा. उदाहरणार्थ १६५ : एक आणि पाच मिळून सहा, आणि मध्ये सहाच. १६६५ आणि १६६६५ याही त्याच कुळातल्या.

या कुळात कापरेकरांस विशेष प्रिय अशा काही संख्या होत्या. त्यांस त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले आणि त्यांवरील त्यांचा लेख १९३८ साली भारतीय गणित परिषदेच्या विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा वर्ग १२३२१. एक हजार एकशे अकराचा वर्ग १२३४३२१. याप्रमाणे एक हाच अंक नऊ वेळा लिहून त्या संख्येचा वर्ग केला की आरंभी दिलेली सतरा अंकी संख्या प्राप्त होते.

असे का व्हावे? घरातील शाळकरी मुलांस कागद-पेन्सिल देऊन पालकांनी हा गुणाकार अवश्य मांडून दाखवावा. नऊ एकांनी नऊ एकांस गुणावयाचे, म्हणजे नऊ ओळी मांडावयाच्या, आणि प्रत्येक ओळ तीच. फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. मांडणी पायऱ्यांसारखी दिसू लागते. उजवीकडच्या शेवटच्या स्तंभात एकच एक येतो, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, असे करीत मधल्या स्तंभात नऊ एक एकावर एक येतात. तेथून पुढे पुन्हा एकेक कमी होत जातो. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि चढउतार बिघडत नाही. एक हाच अंक दहा वेळा घेतला की मात्र मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा पुढे जातो आणि १,२३,४५,६७,९०,०९,८७,६५,४३,२१ या क्रमाने अंक येऊन आठ हरवतो. पण ही दोन-दोन अंकांची मांडणी केवळ पाहण्याच्या सोयीची. म्हणजे आमची सतरा अंकी संख्या ही या शिखरांच्या रांगेतील शेवटचे अभंग शिखर होय.

तिचे आणखी काही गुण पाहू. मधला नऊ झाकून डावीकडचे आठ अंक आणि उजवीकडचे आठ अंक यांची बेरीज करावी : १,२३,४५,६७८ अधिक ८,७६,५४,३२१ बरोबर ९,९९,९९,९९९. आठ नऊ, आणि मध्येही नऊच. डेम्लोची खूण येथे अगदी लख्ख दिसते. सर्व सतरा अंकांची बेरीज केली तर ती ८१ होते, कारण मांडणीत नऊ ओळींत प्रत्येकी नऊ असे बरोबर ८१ एक होते आणि हातचा न गेल्याने त्यांतील एकही कमी झाला नाही. आता गंमत अशी की, त्या सतरा अंकी संख्येस ८१ ने नि:शेष भाग जातो. ज्या संख्येत नऊ एक आहेत तिच्या अंकांची बेरीज नऊ, सबब तिला नऊने भाग जातो. मग तिच्या वर्गास नवाच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग गेलाच पाहिजे. मूळ अवयवच पाडावयाचे तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३,३३,६६७ दोन वेळा घेऊन गुणले की ती तयार होते. एवढी अवाढव्य दिसणारी रास अवघ्या तीन मूळ संख्यांची बनलेली आहे!

आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी असे सुंदर संस्कृत नाव दिले. १८ ही हर्षद, कारण एक आणि आठ नऊ, आणि नवाने अठरास भाग जातो. रामानुजन यांच्या नावाशी निगडित असलेली १७२९ हीदेखील हर्षद. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. पाश्चात्त्य देशांत १९७७ सालच्या एका व्याख्यानामुळे या संख्यांस निव्हेन या गणितज्ञांचे नाव चिकटले. तथापि कापरेकरांनी दिलेले नाव आजही जगभर चालते आणि संस्कृत न जाणणारे लोकही ते आवडीने उच्चारतात.

ज्या संख्यांस प्रत्यक्ष कापरेकरांचेच नाव मिळाले, त्या आणखी निराळ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग केले आणि ते मिळविले की पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ आणि २०९ मिळून २९७. थोड्या मोठ्या संख्येचे उदाहरण घ्यावयाचे तर १,४२,८५७ ही घ्यावी. सातने एकास भागले असता दशांशात हेच सहा अंक फिरून फिरून येतात. तिचा वर्ग २०,४०,८१,२२,४४९. त्याचे २०,४०८ आणि १,२२,४४९ असे भाग करून मिळविले की १,४२,८५७ पुन्हा हजर! दोन तुकडे झालेली वस्तू सांधल्यावर मूळची वस्तू परत मिळावी, असा हा प्रकार आहे.

परंतु कापरेकरांची कीर्ती ज्या संख्येने दिगंत केली ती ६१७४ होय. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकातही ती आली. कृती अशी : चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. शून्य आले तर ते टाकू नये, घर चारांचेच ठेवावे. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ ही संख्या आलीच पाहिजे. आणि एकदा आली की हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४.

आम्ही सहज म्हणून कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहिले. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४. पायऱ्या अधिकांत अधिक जितक्या लागू शकतात तितक्या लागल्या. मग त्यांचे मृत्युवर्ष १९८६ घेतले. ९८६१ वजा १६८९ बरोबर ८१७२, आणि तेथून तीच वाट! जन्म आणि मृत्यू या दोन्ही वर्षांच्या वाटा ८१७२ पाशी एकत्र येऊन ६१७४ ला पोहोचतात. यात दैवी संकेत वगैरे काही नाही, हे आम्ही जाणून आहोत. चार अंकी सर्वच संख्यांच्या वाटा शेवटी तेथेच जातात. तरीही वही मिटताना मन क्षणभर स्तब्ध झाले.

यामागील कारणही थोडक्यात सांगतो. एकाच अंकांच्या दोन मांडण्यांची वजाबाकी केली की उत्तरास नेहमी नवाने भाग जातो. शिवाय ते उत्तर केवळ दोन अंतरांवर अवलंबून असते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर आणि मधल्या दोन अंकांतील अंतर. त्यामुळे हजारो संख्यांतून कोणतीही घेतली तरी पहिल्याच वजाबाकीत सर्व गर्दी अवघ्या ५४ उत्तरांत येऊन सामावते. या ५४ वाटा तपासल्या की त्या सर्व एकाच गावी जातात असे दिसते. तीन अंकांसाठी असे गाव ४९५ आहे. पाच अंकांसाठी मात्र असे एकच गाव नाही, तेथे संख्या वर्तुळात फिरत राहतात. सहज खेळ म्हणून केलेल्या वजाबाकीतून असा नियम हाती लागावा, हे निरीक्षण फार सूक्ष्म खरे.

आता देवळालीच्या नावाविषयी. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये दोन आणि एक मिळविले की २४. म्हणजे २४ ची जननी २१. परंतु काही संख्यांस अशी जननीच नसते. २० घ्या, कोणत्याही संख्येपासून या रीतीने २० मिळत नाही. २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या सर्व अशाच. आपल्या भाषेत त्यांस स्वयंभू म्हणावे. कापरेकरांनी त्यांस आपल्या कर्मभूमीवरून ‘देवळाली संख्या’ हेही नाव दिले. आठव्या वर्षी आई गमावलेल्या या माणसाने जननी नसलेल्या संख्यांचा एवढा ध्यास घ्यावा, यातून काही अर्थ काढण्याचा मोह आम्हांस होतो. पण तो मोह आम्ही आवरतो.

शाळेतील अध्यापनात त्यांनी ही गोडी मुलांस वाटली. आसपासच्या महाविद्यालयांतूनही त्यांस व्याख्यानासाठी बोलावीत. मात्र थोर थोर विद्वानांच्या सभेत त्यांच्या कार्यास फारसा मान मिळाला नाही. हे गणित नव्हे, ही नुसती आकड्यांची करमणूक, असे पुष्कळांस वाटे, व काही जण हसतही. विद्वानांवर येथे सरसकट दोष ठेवावा असे आम्हांस वाटत नाही. विसाव्या शतकातील गणित फार खोल पाण्यात शिरले होते, आणि दहाच्या पद्धतीत लिहिलेल्या अंकांच्या खेळातून त्या खोलीचा ठाव लागत नाही, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पण खोल पाण्यात उतरणाऱ्यासही आधी काठावरच पाण्याची ओढ लागते. ती ओढ लावणारा माणूस उपेक्षेस पात्र कसा?

मोठ्या नियतकालिकांची दारे क्वचितच उघडत, म्हणून कापरेकरांनी आपली टिपणे पदरमोड करून छापली. १९४८ साली डेम्लो संख्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले, त्यावर प्रकाशनस्थळ म्हणून देवळालीतील खरे वाड्याचा पत्ता होता. शाळामास्तराच्या पगारातून छपाईचा खर्च काढणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी शिक्षकांच्या घरांस निराळे सांगावयास नको.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा उतारवयात त्यांस गणित व विज्ञान यांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. संसाराची बेरीज जमत नसतानाही संख्यांचा सहवास मात्र त्यांनी सोडला नाही.

आणि मग, सत्तरी गाठल्यावर, दूरच्या एका देशातून दखल घेतली गेली. मार्टिन गार्डनर हे अमेरिकेतील गणितरंजनाचे नामवंत लेखक. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील त्यांचे सदर देशोदेशी वाचले जाई. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. देवळालीच्या मास्तरांचे नाव एकाएकी जगभर झाले. जे खेळ इकडे पोरकट ठरले होते त्यांवर तिकडे शोधनिबंध लिहिले जाऊ लागले. १९८६ साली देवळाली येथेच कापरेकरांचे देहावसान झाले. आज संगणकाची भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस हर्षद संख्या ओळखणे, कापरेकर संख्या शोधणे, असे पाठ सरावासाठी दिले जातात. ते सोडविणाऱ्यांपैकी कित्येकांस हे नाव एका मराठी शाळामास्तरांचे आहे, याची कल्पनाही नसते.

या चरित्रातून आम्हांस जाणवलेली गोष्ट एकच आहे. कापरेकर थोर होते ते अमेरिकेने दखल घेतली म्हणून नव्हे. गार्डनर यांचा लेख आला नसता तरीही ६१७४ तेवढीच अचल राहिली असती आणि ती सतरा अंकी संख्या तितकीच देखणी. उणे पडली ती आपली नजर. आपल्या अंगणातील माणूस पारखण्यास आपण परक्याच्या दुर्बिणीची वाट पाहत बसलो.

आता आरंभी कबूल केलेले खाजगी कारण. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या गुणगौरव समारंभास हिंगण्याचाच एक मुलगा आईसह आला होता. त्याचे गुण मंडळाने ठरविलेल्या मर्यादेच्या खाली होते, सबब त्याचे नाव यादीत नव्हते. समारंभ आटोपल्यावर त्याने संकोचाने एक वही आमच्यापुढे धरली. तीत पानेच्या पाने एकांच्या ओळी मांडून त्यांचे वर्ग केलेले होते. नऊ एकांपर्यंत जमते काका, पुढे का बिघडते, एवढेच त्यास विचारावयाचे होते. आम्ही घाईत होतो. पाहुण्यांच्या मोटारी निघत होत्या. या असल्या आकडेमोडीत वेळ घालविण्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास करावा, असे त्यास सांगून आम्ही त्याच्या आईस चांगली शिकवणी लावण्याचा उपदेश केला. मुलाने वही मिटली. हातच्यामुळे बिघडते, हे दोन शब्दांचे उत्तर आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याचे धैर्यही झाले नाही.

तो मुलगा पुढे आपल्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागला. कष्टाची भाकरी मिळवितो, आईस सांभाळतो; यात कमीपणा काहीच नाही. रस्त्यात भेटला की आदराने नमस्कार करतो. वहीविषयी तो बोलत नाही आणि विचारण्याचे धाडस आम्ही अद्याप केलेले नाही. कापरेकरांचे चरित्र वाचताना तीच वही आमच्या डोळ्यांपुढे वारंवार आली. तिच्यातून दुसरे कापरेकर निघाले असते असा आमचा दावा नाही. पण एका मुलाने निखळ आनंदापोटी विचारलेला प्रश्न आपल्या मंडपातून उत्तराविना परत गेला, याची रुखरुख आहे.

म्हणून येत्या स्नेहसंमेलनापूर्वी आम्ही कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवणार आहोत. गुणांवर दिली जाणारी बक्षिसे चालू राहावीत. ती कष्टाची फळे आहेत. त्यांच्याबरोबर गुणपत्रिका न पाहता, मुलाने अगर मुलीने स्वतः शोधलेल्या एखाद्या गोष्टीसाठी, मग ती कितीही लहान असो, एक पारितोषिक ठेवावे. आणि दरवर्षी हिंगणा परिसरातील एका शाळाशिक्षकाचा अगर शिक्षिकेचा, जातीचा विचार न करता, याच व्यासपीठावर सत्कार करावा. सभासदांनी आपली मते अवश्य कळवावीत.

तोवर घरोघर एवढे व्हावे. आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांस जवळ बसवून त्यांच्या जन्मवर्षाचे चार अंक घ्यावेत आणि ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या मोजाव्यात. मुलाने काही विचारले आणि उत्तर आपणांस आले नाही, तर येत नाही म्हणून सांगावे व त्याच्यासह शोधावे. आम्हीही एक काम ठरविले आहे. ही स्मरणिका हाती पडताच तिची एक प्रत घेऊन त्या मुलाच्या घरी जाणार आहोत. नऊ एकांच्या पुढे का बिघडते, हे या लेखात लिहिले आहे. उत्तर पोहोचविण्यास उशीर झाला, हेही त्यास सांगू.